आईला घेऊन बँकॉकला जातांना

श्रावणाची गोष्ट मीं पस्तीस वर्षें शाळेंत शिकविली. कावड, आंधळे आईबाप, दशरथाचा बाण, हें सारें मुलांना तोंडपाठ होत असे. परंतु त्या गोष्टींतील एक बारीकशी बाब मला स्वतःला गेल्या कार्तिकापर्यंत उमगली नव्हती. श्रावणानें कावड उचलली ती आईबापांना तीर्थें पाहावयाचीं होतीं म्हणून. त्याला पाहावयाचीं होतीं म्हणून नव्हे. संकल्प त्यांचा होता, खांदा तेवढा त्याचा. आम्हीं मात्र शहाऐंशीं वर्षांच्या आईला थायलंडला नेण्याचें ठरविलें तेव्हां संकल्प आमचा, बेत आमचा आणि घाईहि आमचीच होती. ही चूक कशी लक्षांत आली आणि बेत कसा फिरवावा लागला, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे. वडील माणसांना चार-पांच दिवस परदेशीं नेण्याची हौस हल्लीं पुष्कळ घरांतून दिसते. ती स्तुत्य आहे. तिला थोड्या विचाराची जोड मिळावी, एवढाच हेतु.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. त्यांतून आई, मी, माझी पत्नी व पुतण्या अशीं चौघें जाणार होतों. बेत पुतण्यानें आंखला. त्यानें कागदावर चार दिवसांचे चार रकाने पाडले होते. पहिल्या दिवशीं राजवाडा, पाचूचा बुद्ध, शयन-बुद्ध आणि अरुणमंदिर. दुसऱ्या दिवशीं अयुध्येचे भग्नावशेष. तिसऱ्या दिवशीं शंभर किलोमीटरांवरचा पाण्यावरील बाजार. चौथ्या दिवशीं खरेदी. कागद मोठा सुरेख दिसत होता. सर्वांनीं माना डोलाविल्या. आई तेवढी "तुम्ही म्हणाल तसें" एवढेंच बोलून वाती वळीत बसली. रात्रीं मंडळी पांगल्यावर तिनें मला हळूच विचारलें, "अरे, तिकडे मधून मधून बसावयास जागा असते का रे?"

मीं पुन्हां कागद पाहिला. त्यांत स्थळें पुष्कळ होतीं, पण बसण्याची जागा एकहि नव्हती. मग मीं तिला आधींच विचारावयास हवा होता तो प्रश्न विचारला: "आई, तुला स्वतःला तेथें काय पाहावयाचें आहे?" ती म्हणाली, "मला फार कांहीं नको. अण्णा सांगत असत, तिकडे देवळाच्या भिंतीवर सगळें रामायण काढलेलें आहे म्हणून. तेवढें दिसलें तर पाहीन." अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनीं कुठल्याशा मासिकांत त्या भिंतीचें चित्र पाहिलें होतें. प्रत्यक्ष पाहण्याचा योग त्यांना आला नाहीं. पुतण्याच्या कागदावर त्या भिंतीला वीस मिनिटें दिलेलीं होतीं.

दुसऱ्या दिवशीं तो कागद आम्हीं बाजूला ठेवला आणि नवा लिहावयास घेतला.

निघावें कीं न निघावें

तिकीट काढण्यापूर्वीं एक अप्रिय विचार उरकून घ्यावा. ज्यांचा रक्तदाब वा मधुमेह औषधानें आटोक्यांत आहे, जे घरांत आपले आपण वावरतात, सावकाश कां होईना पण अर्धा तास चालतात, त्यांना मुंबईहून चार-साडेचार तासांचा हा विमानप्रवास बहुधा झेपतो. उलट, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, दम्याचा जोर असेल, किंवा विस्मरणामुळें रात्रीं नव्या खोलींत भांबावून उठण्याची संवय असेल, तर त्या वृद्धाला घरच्या ओसरीवरच सुख आहे. त्याला ओढून नेणें ही आपली हौस, सेवा नव्हे. निर्णय डॉक्टरांवर सोपवावा आणि डॉक्टरांना खरें तें सांगावें.

औषधांच्या चिठ्ठीवर व्यापारी नांवांऐवजीं मूळ नांवें लिहून घ्यावीं, कारण व्यापारी नांवें देशोदेशीं बदलतात. झोपेच्या गोळ्या आणि तीव्र वेदनाशामक औषधें यांवर थायलंडांत कायद्याचे निर्बंध आहेत. तीं बरोबर न्यावयाचीं असल्यास डॉक्टरांचें पत्र हवें, आणि कांहींसाठीं आगाऊ परवानाहि लागतो. औषधें हातपिशवींत असावीं, मोठ्या पेटींत नव्हे. विमा उतरवितांना वय व जुने आजार लपवूं नयेत. आजार लपवून घेतलेला विमा म्हणजे फाटकी छत्री. १ मे २०२५ पासून तेथें जाणाऱ्या परदेशी प्रवाशाला आगमनाची माहिती संगणकावरून आधींच भरावी लागते. पोहोंचण्याच्या आधींच्या तीन दिवसांत ती भरतां येते आणि तिला शुल्क नाहीं. शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावें. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून ते तिकीट काढतेवेळीं थाई वकिलातीच्याच पत्रकावरून पाहून घ्यावे.

ऋतु, विमान आणि खुर्ची

बँकॉकांत थंडी अशी नसतेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा त्यांतल्या त्यांत सुसह्य, मार्च ते मे कडक उन्हाळा आणि पुढें ऑक्टोबरपर्यंत पाऊस. जानेवारी-फेब्रुवारींत शहरावर धुरकट हवा सांचते आणि उत्तरेकडील चियांग माई भागांत शेतें व रानें जाळण्याचा धूर एप्रिलपर्यंत टिकतो. छातीचा विकार असलेल्या माणसाला हा धूर उन्हापेक्षांहि बाधतो. म्हणून आम्हीं मार्गशीर्ष निवडला.

पुतण्यानें स्वस्त म्हणून मध्यरात्रीचें विमान धरलें होतें. तें पहाटे पोहोंचतें आणि हॉटेलांत खोली मिळते दुपारीं दोन वाजतां. म्हणजे जागरण झालेल्या म्हाताऱ्या माणसानें सात-आठ तास दिवाणखान्यांतील कोचावर काढावयाचे! थोडे पैसे अधिक पडले, पण आम्हीं दिवसाचें विमान घेतलें. तेथील घड्याळ आपल्यापेक्षां दीड तास पुढें असतें, एवढाच फरक. त्यामुळें औषधांच्या वेळा फारशा बिघडत नाहींत.

विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते. ती तिकीट काढतांनाच मागून ठेवावी. आमच्याकडे खरी अडचण खुर्चीची नव्हती, आईची होती. "मी काय पांगळी आहें? लोक काय म्हणतील?" असें म्हणून तिनें साफ नाकारलें. शेवटीं माझी पत्नी तिला म्हणाली, "आई, खुर्ची तुमच्यासाठीं थोडीच आहे! ह्यांचे गुडघे दुखतात. तुम्ही खुर्चींत बसलांत म्हणजे तुमच्याबरोबर ह्यांनाहि लांब रांगेंत उभें राहावें लागत नाहीं." मुलाच्या गुडघ्यांसाठीं आई तत्काळ खुर्चींत बसावयास कबूल झाली. वृद्धांना साहाय्य देतांना त्यांचा मान राखण्याची ही युक्ति मीं तेव्हांपासून मनांत जपून ठेविली आहे.

बिऱ्हाड आणि जेवण

हॉटेल निवडतांना आम्हीं तीन गोष्टी पाहिल्या. पहिली न्हाणीघर. पुष्कळ ठिकाणीं स्नानासाठीं उंच कांठाचें टब असतें. त्यांत पाय टाकतांना म्हातारीं माणसें हटकून घसरतात. म्हणून सपाट जमिनीवरील फवारा, धरावयास कठडा आणि आंत एक खुर्ची, असें पत्रानें आधीं मागून घेतलें. दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या खोल्या एकमेकींस लागून असाव्यात. तिसरी, भूमिगत रेल्वेचें उद्वाहक असलेलें स्थानक जवळ असावें. बँकॉकच्या पदपथांना उंच कांठ असतात, फरशा उखडलेल्या असतात, आणि मोठा रस्ता ओलांडावयाचा तर बहुतेक ठिकाणीं पुलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. नकाशावर जवळ दिसणारें स्थळ म्हाताऱ्या पायांना जवळ नसतें. सरकत्या जिन्यावर साडीचा कांठ अडकण्याचें भय असतें. म्हणून उद्वाहक शोधावा, मग तो लांबच्या दाराशीं कां असेना. टॅक्सी मीटरवर चालते. हॉटेलचा पत्ता थाई लिपींत छापलेलें कार्ड प्रत्येकाच्या खिशांत असावें. रुग्णवाहिकेसाठीं १६६९ आणि प्रवाशांच्या पोलिसांसाठीं ११५५ हे क्रमांक त्याच्याच पाठीवर लिहून ठेवावे.

जेवणाची आम्हांला मोठी धास्ती होती. तेथें नुसत्या भाजीच्या पदार्थांतहि माशाचें आंबविलेलें पाणी घालतात, म्हणून "मांस नको" एवढें सांगून भागत नाहीं. परंतु तेथें "जे" नांवाचा एक आहारनियम आहे. पिवळ्या निशाणावर तांबड्या अक्षरांत तो शब्द लिहिलेला असतो. त्या अन्नांत मांस, मासे, अंडीं व दूध तर नसतेंच, पण कांदा-लसूणहि वर्ज्य असतो. या व्रताचा नऊ दिवसांचा मोठा उत्सव बहुधा आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतो. हें ऐकून चातुर्मास पाळणाऱ्या आईला त्या अनोळखी लोकांविषयीं एकाएकीं आपुलकी वाटूं लागली. शाकाहाराला त्यांच्या भाषेंत जो दुसरा शब्द आहे तो "मांसविरति" या शब्दाचेंच थाई रूप होय. मात्र त्यांत अंडें चालतें, हें ध्यानांत ठेवावें. पपई, केळीं, अननस हीं फळें मुबलक. आंब्याबरोबर देतात तो चिकट भात मोठा रुचकर असतो, पण कवळी असलेल्यांनीं तो जपूनच खावा! आम्हीं घरून मेतकूट, भाजणी आणि विजेवर चालणारी लहानशी किटली नेली होती. सकाळचें त्यावर निभावलें.

रोज एकच स्थळ

नव्या कागदावर प्रत्येक दिवसाला एकच स्थळ होतें, आणि तेंहि सकाळीं. दुपारीं जेवण व विश्रांति, संध्याकाळ मोकळी. अयुध्या व पाण्यावरचा बाजार आम्हीं काढून टाकला. कोणाला अधिक हिंडावयाचें असेल तर त्यानें खुशाल हिंडावें, मात्र आळीपाळीनें एकजण आईजवळ राहील, असें ठरलें. या व्यवस्थेचा एक लाभ असा कीं, "माझ्यामुळें तुम्ही अडकून पडलांत" हें वाक्य आईच्या तोंडून जवळजवळ बंदच झालें.

बँकॉक हें नांव परक्यांच्या तोंडचें. तेथील लोक आपल्या नगराला क्रुंग थेप, म्हणजे देवांचें नगर म्हणतात. त्याच्या संपूर्ण लांबलचक नांवांत महानगर, अमर, रत्न, अयोध्या इतकेंच नव्हे, तर विश्वकर्माहि आहे. भेटल्यावर ते हात जोडून जो शब्द उच्चारतात त्याचें मूळ "स्वस्ति" आहे. संस्कृतचा मास्तर असल्यानें मी विमानतळापासूनच हीं व्युत्पत्तिरत्नें आईला ऐकवूं लागलों. तिनें तीं दोन दिवस सोसलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठ वाजतां राजवाड्याचें दार उघडतांच आम्ही आंत होतों. खांदे व गुडघे झांकलेले असावे असा तेथें नियम आहे. साडी व धोतर यांना त्याचें भय नाहीं. बाहेर कोणी गोड बोलून "आज राजवाडा बंद आहे, दुसरें देऊळ दाखवितों" म्हणाला तर त्याचें ऐकूं नये. ही तेथील जुनी फसवणूक आहे. पहिल्या राम राजानें १७८२ मध्यें ही राजधानी वसविली. राजवाड्याच्या आवारांतच पाचूच्या बुद्धाचें मंदिर आहे. मूर्ति वस्तुतः हिरव्या जातीच्या दुसऱ्या मौल्यवान पाषाणाची असून उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर आहे. वर्षांतून तीन वेळां, ऋतु पालटला म्हणजे, राजा स्वतः तिचीं वस्त्रें बदलतो. "म्हणजे आपल्यासारखेंच कीं! देवालाहि थंडीवारा आहे," आई म्हणाली. तेथें पायांचे तळवे मूर्तीकडे करून बसूं नये, उंबऱ्यावर पाय देऊं नये, आणि स्त्रियांनीं भिक्षूंच्या हातांत थेट कांहीं देऊं नये. हे नियम आम्हीं तिला आदल्या रात्रींच सांगितले होते.

आणि मग ती भिंत. मंदिराभोंवतीं ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर १७८ चित्रांत संपूर्ण रामकथा रंगविलेली आहे. थाई लोक तिला "रामकियन" म्हणतात. रामकीर्ति हेंच तें. उघडली कीं बैठक होते अशी एक घडीची काठी आम्हीं नेली होती. तीवर आई बसली. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, मारुति पांढरा शुभ्र. "राम हिरवा कसा रे?" येथपासून तिचे प्रश्न सुरू झाले. एका चित्रांत मारुति डोंगराएवढा होऊन रामाचा सबंध मंडप मुखांत धरून बसला आहे. मी कांहीं सांगणार तोंच आई म्हणाली, "अरे, हा तर अहिरावण-महिरावणाचा प्रसंग! आपल्याकडे शेपटीचा कोट केला, यांच्याकडे तोंडांतच घेतलें." मीं पोथीपांडित्य आवरून गप्प राहिलों. सेतूच्या कथेंत रावणाची मत्स्यकन्या मारुतीवर अनुरक्त होते आणि पुढें त्यांना पुत्र होतो, हें पुतण्यानें वाचून दाखविलें तेव्हां ती क्षणभर थांबली व म्हणाली, "यांचा मारुति संसारी दिसतो. असूं दे." पुढें बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग एवढेंच म्हणाली, "अण्णांनीं सांगितलें होतें त्याहून मोठी आहे भिंत."

ओवरींतून आम्ही उघड्या अंगणांत आलों. साडेदहाचें ऊन, फरशी तापलेली. दहा पावलें गेलों असूं-नसूं, तोंच आईचा हात माझ्या हातांत एकाएकीं जड झाला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोघांनीं धरून तिला सावलींत बसविलें, मिठासाखरेचें पाणी घोट-घोट पाजलें. दहा मिनिटांत ती सावरली. पण त्या दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढून काय काय गेलें, तें लिहीत नाहीं. मागाहून पत्नीनें खोदून विचारलें तेव्हां खरें कारण बाहेर आलें. सकाळपासून आईनें अर्ध्या कप चहाखेरीज कांहींच घेतलें नव्हतें. पाणी प्यालें तर मोरीला जावें लागेल, मोरी शोधण्यासाठीं सर्वांना थांबावें लागेल, म्हणून ती तहान मारीत होती. आदल्या दिवशीं विमानांतहि तिनें तेंच केलें होतें.

वाचकहो, आम्हीं ऋतु पाहिला, विमान पाहिलें, कठडा पाहिला, जेवण पाहिलें. पण ही एक गोष्ट आम्हां शहाण्यांच्या कागदावर नव्हती. आपल्या घरांतील वडील स्त्रिया जन्मभर प्रवासांत अशाच वागत आल्या आहेत. त्या बोलणार नाहींत. आपणच ओळखावयास हवें. त्या दिवसापासून आम्हीं नियम केला. कोठेंहि पोहोंचलें कीं पहिल्यानें मोरी कोठें आहे तें पाहावयाचें, आणि तेथें आधीं मीं स्वतः जावयाचें. मुलगाच जातो म्हटल्यावर आईलाहि संकोच उरला नाहीं. त्यांच्या भाषेंत मोरीला "होंग नाम", म्हणजे पाण्याची खोली म्हणतात. हा शब्द पाठ असावा. मोठ्या दुकानांतून व हॉटेलांतून ती स्वच्छ असते, आणि तेथें पाण्याची तोटी असते, ही आपल्या लोकांच्या दृष्टीनें मोठीच सोय. दर तासाला पेलाभर पाणी देण्याचें काम पुतण्याकडे दिलें. आईचें पाणी हृदयविकारामुळें मोजून द्यावयाचें नसल्यानें हें शक्य झालें. तशी पथ्यें असल्यास डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावें.

त्या दिवशींचा उरलेला वेळ ती खोलींत झोंपली. तिसऱ्या दिवशीं कोठें जाऊंच नये, असें मला वाटत होतें, आईच म्हणाली, "जाऊं या, पण हळू." तेव्हां भूमिगत रेल्वेनें सनाम चाय स्थानकावर उतरून शयन-बुद्ध पाहिला. हें स्थानक २०१९ मध्यें उघडलें. त्यापूर्वीं येथें येण्यास बोटीचा किंवा मोटारींच्या गर्दींतला रस्ताच धरावा लागे. मूर्ति ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, आणि तळपायांवर शिंपल्यांच्या कामांत १०८ मंगलचिन्हें. तेथेंच अंग मर्दन करण्याची प्रसिद्ध पाठशाळा आहे. पण ठिसूळ हाडांच्या किंवा रक्त पातळ होण्याचें औषध घेणाऱ्या माणसांनीं जोराचें मर्दन करवून घेऊं नये. नदीपलीकडील अरुणमंदिराच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. आम्हीं तें संध्याकाळीं अलीकडच्या कांठावर बसूनच पाहिलें. नदींतील बोटी धक्क्याला क्षणभरच टेंकतात आणि धक्काहि हलतो. त्यांत आईला चढविण्याचें धाडस आम्हीं केलें नाहीं.

चौथ्या दिवशीं सकाळीं लुंफिनी बागेंत गेलों. बुद्धाच्या जन्मस्थानाचें नांव या बागेला दिलें आहे. तेथें तिच्याच वयाचीं माणसें संथपणें हातपाय हालवीत व्यायाम करीत होतीं आणि तळ्याच्या कांठीं भल्यामोठ्या घोरपडी निर्भयपणें ऊन खात होत्या. आई बांकावर दीड तास बसली. परत येतांना "देवस्थान" पाहिलें. राजदरबारच्या ब्राह्मणांसाठीं १७८४ मध्यें बांधलेलीं शिव, गणेश व विष्णु यांचीं हीं तीन लहान मंदिरें. आजहि दरवर्षीं राजाच्या नांगरणीचा विधि हे ब्राह्मणच करतात. पुतण्याच्या मूळ कागदावर बागहि नव्हती आणि देवस्थानहि नव्हतें. घरीं आल्यावर आईनें शेजारणींना सर्वांत अधिक सांगितलें तें याच सकाळविषयीं.

परतीच्या दिवशीं सुवर्णभूमि विमानतळावर पारपत्राची तपासणी आटोपून आंत आलों. तेथें समुद्रमंथनाचा भव्य देखावा उभा केलेला आहे: मंदराचल, वासुकीची दोरी, एका बाजूस देव, दुसऱ्या बाजूस असुर, वर विष्णु. खुर्ची ढकलणारा मुलगा आपल्या कामाच्या घाईंत होता, आणि आम्हीहि विमानाच्या. तोंच आईनें हात वर केला.

"थांब जरा," ती म्हणाली.

चार दिवसांत तिनें स्वतःहून कोणाला थांबविण्याची ही पहिलीच वेळ. मुलाला मराठी कळलें नसेल, पण तो थांबला. आम्हीहि थांबलों. तिनें सावकाश एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सारें पाहिलें, देव कोणते व असुर कोणते तें मला बोटानें दाखविलें, आणि मग म्हणाली, "हं, चला आतां. आणि पाणी दे रे."